ओळखीचा माणूस

अपेक्षाला बावधनच्या त्या कॉलेजात जागा मिळाली आणि आपलं नाव वेटिंग लिस्टवर लोंबकळलं, हे कळल्यापासून शुभांगीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मैत्रीण झाली म्हणून काय झालं? बारावीला शुभांगीला एक्क्याण्णव टक्के, अपेक्षाला चौऱ्याऐंशी. शुभांगीला पुण्यातला क्लास, मुलाखतीची वेगळी तयारी, त्यासाठी नवा ड्रेस. आणि अपेक्षा? धुळा मेंढपाळाची पोर, रोजच्या कपड्यांतच मुलाखतीला गेली. तरी ती मेली आत आणि ही दारात!

"कोट्यातनं गेली आसंल," शुभांगी फणकारली.

"तितं कोटा न्हाई," तिचे वडील किशोर म्हणाले. "मार्क, निबंध, मुलाखत, आन् एका वळखीच्या मानसाला कालेजचा फोन. बास."

हा ओळखीचा माणूस घराबाहेरचा हवा, अशी कॉलेजची अट होती. आता मुळशीत फोन म्हटला की तो वजनदार माणसाचाच, हे शेंबडं पोरही सांगेल. वडिलांनी दयानंदअण्णांचा नंबर दिला. अण्णा म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ, ते लग्नाला आले तर नवरदेवही उठून उभा राहायचा. कॉलेजच्या फोनवर काय बोललो ते अण्णांनी नंतर स्वतःच हसत सांगितलं, "शुभांगी कोन म्हायत न्हाई, पर आपलीच पोरगी समजा आन् द्या घेऊन!" काम झालंच असं समजून घरात पेढेही आले होते.

मग अपेक्षानं कुणाचा नंबर दिला असेल? अण्णांच्याही वरचा कोण सापडला हिला? शुभांगीला घास गोड लागेना. जेवता जेवता तिनं तोच विषय काढला.

"माजा दिला की," तांदूळ निवडत बसलेल्या आजी, सगुणाबाई म्हणाल्या.

"तुजा?"

"मंग काय! धुळाच्या मेंढ्या दरसाल आपल्या रानात बसत्यात, खत व्हतंय आपल्याला. रांगत व्हती तवापासनं बघतीया मी त्या पोरीला. कालेजातल्या बाई लई गोड बोलत व्हत्या. मीबी घटकाभर बोलले."

शुभांगीची तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खी आजी! "काय बोललीस?"

"खरं त्येच. मेंढी अडली तर सोता कोकरू सोडवती, आन् तरी शाळा चुकवत न्हाई. आमच्या शुभांगीचं गणित कच्चं व्हतं, ते हिनंच मेंढ्यांपाशी बसवून पक्कं करून घेतलं, म्हून तर एवढं मार्क पडलं. शुभांगीच्या शाळंतल्या परकल्पाचं बाडबी हिनंच लिवून दिलं. बाई लई खूश झाल्या बघ."

शुभांगीला रडावं की भांडावं कळेना. भांडणार तरी कशावर? एकही शब्द खोटा नव्हता. आणि गंमत म्हणजे त्या क्षणी तिला कॉलेजच्या जागेचा हेवा वाटलाच नाही. आजीच्या त्या घटकाभर बोलण्याचा वाटला, आणि तो फार झोंबला.

"आज्जे, तू आमच्या घरची न्हाईस आसं समज," ती म्हणाली. "त्या बाईंनी माजं इचारलं आसतं तर काय सांगितलं आसतंस?"

सगुणाबाईंनी हात थांबवला. नातीकडं मायेनं पाहिलं.

"आगं, लई हाय की सांगन्यासारखं."

मग त्या विचार करू लागल्या. तांदूळ निवडून संपले, त्यांनी ते सुपात पाखडले, खडे दाराबाहेर टाकले. शुभांगी वाट पाहत बसली होती.