मार्तंड कसा बोलेल

पंच्याण्णव सालची गोष्ट. गेवराईचा कापड दुकानदार वीरेश गणपतीसाठी नाटक लिहीत होता. जुन्या रहस्यकथा वाचून त्यानं मार्तंड नावाचा गुप्तहेर रचला. पण तालमीत मार्तंड "महोदय, आपला संशय अनाठायी आहे" म्हणाला की सगळे फिदीफिदी हसायचे.

"आपल्याकडचा मानूस असा बोलतो का बे?" मंडळाचा अध्यक्ष पंडित म्हणाला. नदीतल्या वाळूचा ठेका त्याच्याकडेच होता.

मग वीरेश सटवा मेंढपाळाकडे गेला. चुकलेल्या जनावराचा माग काढावा तर सटवानंच. भर दुपारी गोदावरीकाठी वीरेशनं वही उघडली.

"काका, एखादा मानूस गायब झाला, तर तुमी कसं सांगताल?"

सटवानं हातातली काठी नदीकडे रोखली.

"मागल्या साली तिघं उतरले वाळूत. मधला डावा पाय वढत चालायचा. परतीला दोघांचेच पाय. अन् त्या बाभळीखालची वाळू वल्ली व्हती, उकरून खालून वर आलेली."

वीरेशचं पेन थांबलं. पाय ओढणारा गावात एकच होता, वाळूवरून पंडितशी भांडलेला आप्पाराव. तो सुरतेला गेला असं वर्षभर सगळे धरून चालले होते.

"हे कुनाला सांगितलं न्हाई?"

"कुनी इचारलंच न्हाई. तूच पैला."

"बाकीचे दोघं?"

"पंडित अन् त्याचा डायवर. लांबून बघितलंय म्या."

संध्याकाळी तालमीला पंडित आधीच येऊन बसला होता.

"सटवाकडं कावून गेलतास?"

"बोली ऐकायला."

"मग बोलून दाव की."

कशीबशी वीरेशनं चोरीला गेलेल्या म्हशीची गोष्ट सटवाच्या ढंगात सांगितली. सगळे हसले. पंडित हसला नाही.

"लई झकास. सकाळी मी पन जातो त्याच्याकडं," एवढंच म्हणाला.

वीरेश लुना घेऊन तडक मेंढवाड्यावर गेला. मेंढ्या बायकोवर, साखराबाईवर सोपवून सटवा मुकाट्यानं मागं बसला. बीडला पोलिसांच्या मोठ्या साहेबांसमोर त्यानं सगळं सांगून अंगठा दिला. तिसऱ्या दिवशी बाभळीखाली आप्पाराव सापडला. ड्रायव्हरला अटक झाली. पंडित मात्र आदल्या रात्रीच पसार झाला होता, तो पुढं सापडलाच नाही.

नाटक झालं नाही. सटवानं बिऱ्हाड नदीपल्याड हलवलं. वीरेश दिवस मावळायच्या आत दुकानाला कुलूप लावू लागला. दारात पंडितच्या जीपसारखी जीप थांबली की हातातलं कापड तसंच राहायचं, आणि गिऱ्हाईक उतरून बोलेपर्यंत तो मागच्या दाराकडे सरकायचा.