लॅमिनेशन केलेला चेक

दीपानं ब्लेडचं टोक प्लास्टिकच्या कोपऱ्यात घुसवलं आणि जीभ दातांत धरून वर ओढलं. बँकेतल्या स्लिपा भरायच्या टेबलाशी ती उभ्यानंच झटत होती. बाजूला दोरीनं बांधलेला पेन, त्यात शाई नाही. पेन चोरीला जाईल म्हणून दोरी आठवते, शाई भरायचं मात्र कोणाच्या बापाला सुचत नाही.

चेकच्या मागं बापाचं नाव आणि खाते नंबर लिहायचा होता. स्वतःचा पेन होता तिच्याकडे, पण प्लास्टिकवर तो नुसता घसरत होता. म्हणून ब्लेड.

"काय करून राह्यली वं पोरी?" गार्डनं विचारलं.

"मासोई सोलून राह्यली. दिसत नाई का?"

चेकला लॅमिनेशन! अख्ख्या वणीत असला पराक्रम करणारा माणूस एकच, आणि तो नेमका तिचा बाप, बाबाराव.

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात बाबारावांनी आणि त्यांच्या गाण्याच्या पार्टीनं भीमगीतं गायली. प्रमुख पाहुणे विठ्ठलराव, कोळशाच्या ट्रकांचे मालक. गाण्यातलं त्यांना काय घंटा कळत होतं! सगळा वेळ मान मोबाईलमध्ये. शेवटी मात्र माईक ओढला, कलावंताची कदर झाली पाहिजे म्हणाले, आणि स्टेजवरच अकरा हजारांचा चेक फाडला. फोटो हलला म्हणून तोच चेक परत घेऊन पुन्हा दिला. लोकांनी टाळ्याही दोनदा वाजवल्या. लोक म्हणजे काय, हात रिकामे असले की झालं.

पार्टीच्या पेटीचा भाता फाटला होता. त्या पैशात जुनी-बरी पेटी आली असती. पण बाबारावांनी चेक लॅमिनेट केला आणि घरात भिंतीवर टांगला. "आठवण राह्यते," म्हणे. पेटी आपली दम लागल्यासारखी वाजतच राहिली. ढोलकीवाला संघर्ष त्यांना तोंडावर 'लॅमिनेशनबुवा' म्हणायचा, अख्खी वस्ती खिदळायची. बापही हसायचा. दीपाचं डोकं त्या हसण्यानंच जास्त फिरायचं. चेक तीन महिन्यांत मरतो, हे नववीतून शाळा सोडलेल्या पोरीला कळतं, या माणसाला कळत नाही?

परवा तीन महिने भरणार होते. आज बाप कामावर गेला तसा तिनं चेक भिंतीवरून उतरवला होता.

तिनं जोर लावला. प्लास्टिक चर्रकन निघालं, आणि त्याच्यासोबत कागदाचा एक पापुद्राही. नेमका सहीचा. दीपानं चेकला, बापाला आणि मशीनला एकेक शिवी दिली, आणि दोन्ही तुकडे घेऊन रांग तोडून काउंटरवर गेली.

मॅडम पुण्याकडच्या असाव्यात. चष्म्याच्या वरून पाहत होत्या, जसं काही दीपा कोणाच्या तरी चपलेला चिकटून आत आली.

"हे काय केलंस?"

"म्या नाई केलं, बापानं केलं. नगद द्या."

"कोपऱ्यात दोन रेघा दिसतात ना? असा चेक खात्यातच जमा होतो. आणि हा तर आता तसाही होणार नाही."

"काहून? सही हाय ना, हे पाहा." तिनं प्लास्टिक उजेडाकडे धरलं. "टेप लावून घ्या. एवढी मोठी बँक, टेप नाई?"

मॅडमनी चेकवरचं नाव वाचलं. मग पहिल्यांदाच चष्म्यातून पाहिलं.

"बाबाराव तुझे कोण?"

"बाप. सांगायले लाज वाटते."

मॅडमनी आवाज खाली घेतला.

"ते आले होते हा घेऊन. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी. स्लिपसुद्धा भरून आणली होती."

"मंग?"

"विठ्ठलरावांचं हे खातं बंद आहे. चेक लिहिला त्याच्या आधीपासून. टाकला असता तर परत आला असता, वर दंड तुमच्याच खात्यातून कापला असता."

दीपाच्या हातातलं प्लास्टिक तसंच वर राहिलं.

"मंग बाबा काय म्हणले?"

"म्हणाले, पार्टीतल्या पोरांना कळू देऊ नका, फार जीव लावून वाजवलं त्यांनी. मग विचारलं, लॅमिनेशन कुठं करून मिळतं."

"झालं का वं?" मागून एक जण खेकसला. "का इथंच मुक्काम हाय?"

त्याच्यासाठी चांगली रसरशीत शिवी तोंडात तयार होती. ती गिळून दीपा बाजूला झाली.

रस्त्याच्या पलीकडे बबलूचं झेरॉक्सचं दुकान होतं. तिनं चेक त्याच्यापुढं ठेवला.

"हे लॅमिनेट कर."

बबलूनं चेक उलटापालटा केला. "अबे, हा तं तुया बापाचा! म्याच केलता. मंग सोलला कायले, अन् आता पुन्हा कायले?"

"तू कर ना."

"सही तं उडाली वं. बाबारावचं नावच राह्यलं फक्त."

विठ्ठलरावांची सही अजून तिच्या मुठीत होती, प्लास्टिकला चिकटलेली. तिनं ती दुकानासमोरच्या नालीत टाकली.

"तेवढंच कर."

"तुमचं खानदानच येडं हाय का वं?" बबलू मशीन चालू करत खिदळला. दुकानातले आणखी दोघे खिदळले.

मशीन गरम व्हायला वेळ होता. दीपाही हसली.