दुसरी वेणी

शिवाजी पेठेत सकाळी कामाला निघालेल्या माणसाला हाफिजा समोरून येताना दिसली, की तो काहीतरी विसरल्यासारखं करून शेजारच्या बोळात वळायचा. तिचं तोंड बघून निघालं तर दिवस वाईट जातो, अशी लोकांची समजूत. हाफिजाला ते ठाऊक होतं, म्हणून ती मुद्दाम हाक मारून त्याची खुशाली विचारायची. घरातली म्हातारी अंथरुणाला खिळली की हाच गडी आपल्या दारात खाली मान घालून उभा राहणार, हेही तिला ठाऊक होतं.

तिचं काम तसलंच होतं. मुसलमानाच्या घरात बाई गेली, की तिला शेवटची अंघोळ घालायची आणि कफन नेसवायचं. हे काम तिच्याकडे सासूकडून आलं. पण सासू माणूस गेल्यावर जायची, हाफिजा आधीच जाऊन बसायची. पोचल्या पोचल्या ती रडणाऱ्या बायकांना बाहेर काढायची.

"बरी हुशील, बरी हुशील म्हणून तिचं डोस्कं खाऊ नगासा. तिला म्हाईत हाय समदं. आता तिला बोलू द्या."

मग उशाशी बसून ती हळूच विचारायची, कुणाला भेटायचं राहिलंय, कुणाला काय सांगायचं राहिलंय, अंगावर पाणी कुणी घालावं. शेवटच्या क्षणी कानावर पडायला हवा तो कलमा ती स्वतःशीच म्हणायची, अंथरुणावरच्या बाईला ऐकू जाईल इतपत. तू म्हण, असं मरणाऱ्याला तिनं कधी सांगितलं नाही. सगळं घर खोटं बोलायला लागलं की मरणारं माणूस एकटं पडतं, असं तिचं म्हणणं होतं आणि ते ती कुणाची भीडभाड न ठेवता तोंडावर सांगायची.

स्वतःच्या मरणाची तयारी तर तिनं केव्हाच करून ठेवली होती. चुलत दीर हजला गेला तेव्हा त्याच्याबरोबर कफनासाठी मांजरपाटाचं कापड दिलं होतं. ते मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून, वाळवून परत आलं आणि पेटीच्या तळाशी कापराच्या वड्यांसोबत जाऊन बसलं. कबरस्तानात नवऱ्याच्या शेजारची जागाही सांगून ठेवलेली. आणि पाणी घालायला एकुलती एक लेक सलमा. तिला हाफिजानं सगळं शिकवलं होतं. पाणी कोमट हवं, त्यात बोरीचा पाला उकळलेला हवा. केसांना फणी लावायची नाही, बोटांनीच गुंता सोडवायचा, दोन वेण्या घालायच्या आणि छातीवर ठेवायच्या.

"मी जिती हाय आसं समजून हात लाव. वडावडी करू नगंस," असं सांगून वर हसायची.

इतका सगळा बेत ठरवून ठेवला आणि सलमाच आजारी पडली.

सलमा गडहिंग्लजला दिली होती. जावई दिलदार पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचा, साधा सरळ माणूस. तिथे तिचा खोकला काही हटेना, म्हणून कोल्हापुरातल्या हकिमाच्या औषधासाठी ती माहेरी आली. सात वर्षांच्या लेकीला, रशिदाला, बापाजवळ ठेवलं होतं, महिन्याभरात परतायचंच होतं. तो महिना गेला, दुसरा गेला. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागेचं नवं मैदान तेव्हा पेठेतल्या पोरांच्या तोंडी होतं. कुस्तीच्या दिवशी हलगी घुमायला लागली की सलमा अंथरुणातून विचारायची, कोण जिंकलं गं. एका दुपारी अशीच विचारता विचारता तिला उबळ आली आणि पदराला रक्त लागलं.

हाफिजानं पदर धुतला. धुतानाच तिला कळलं. आयुष्यभर बायकांच्या उशाशी बसलेल्या बाईला न कळायला काय झालं होतं? पण घरात येऊन ती म्हणाली, "उष्णता हाय. कोकमाचं पाणी दिते, थंडावा पडंल."

सलमानं ओल्या पदराकडे बघितलं.

"अम्मा, रशिदाला आणून घे."

"आता कुठं उन्हातानाचं पोरीला हिंदकळत आणायचं? बरी झालीस की तूच जाशील."

पुढच्या आठवड्यात केरबा गाडीवान दारात आला. तो गडहिंग्लजकडून गूळ घेऊन पेठेत यायचा आणि रिकाम्या गाडीनं परत जायचा. दिलदारचं घर त्याच्या वाटेवरच होतं. बैलांना पाणी दाखवून त्यानं विचारलं, "हाफिजाबी, जावयाला काय सांगावा हाय काय?"

हाफिजा उंबऱ्यात उभी होती. आतून खोकल्याचा आवाज येत होता. पोरीला घेऊन या, एवढं सांगितलं की झालं. पण ते शब्द तोंडातून काढले असते, तर धुतलेल्या पदराचं सगळं खरं झालं असतं. दुसऱ्या कुठल्या बाईनं असं केलं असतं, तर हाफिजानं तिचा चारचौघांत उद्धार केला असता.

"सांग, सलमा बरी हाय," ती म्हणाली. "घाबरायचं काय कारण न्हाय म्हणावं."

केरबा गेला. गाडी वळणाआड जाईपर्यंत हाफिजा बघत उभी राहिली आणि मग आत येऊन उगीचच भांडी घासत बसली.

पुढे सलमाचे पाय सुजले. बोलताना दम लागू लागला. हाफिजा मधाचं पाणी पाजायची, पाठ चोळायची, आणि सतत बोलायची. पावसाळा संपला की हवा बदलेल, नवा हकीम आलाय म्हणे मिरजेला, रशिदाला बकरी ईदला नवा झगा शिवू. सलमा ऐकून घ्यायची. एका संध्याकाळी तिनं आईचा हात धरला.

"अम्मा, मी तुझी लेक न्हाय."

"आगं, काय बरळतीयास?"

"दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या घरातली बाई हाय मी. तुला बोलवणं आलंय. त्या घरात जाऊन जशी बसतीस, तशी बस हितं. आन त्यांला इचारतीस ते मला इचार."

हाफिजा उठून जायला निघाली. सलमानं हात सोडला नाही. त्या हातात जोर कसला होता, चिमणीचाही नव्हता, पण हाफिजाला तो सोडवून घेता आला नाही. ती खाली बसली. मग परक्या घरी लावायची तो आवाज तिनं कसाबसा लावला.

"कुणाला भेटायचं ऱ्हायलंय, बाई?"

"रशिदाला."

"काय सांगायचं ऱ्हायलंय?"

"तिला भ्या घालू नगासा. मी गेल्यावर ती आली, तर तिला भाईर बसवू नगासा. माझं तोंड तिला बघू द्या, हात लावू द्या. न्हायतर तिला आयुष्यभर वाटंल, आई कुठंतरी हाय आन येत न्हाय."

"पानी कुणी घालावं?"

"तू." सलमा थांबली. "दुसरं कोण हाय? आन अम्मा, तू रडलीस तरी चालंल. त्या बायांच्या घरात रडत न्हाईस तू. माझ्या घरात रड."

तेव्हा मात्र हाफिजाला राहवलं नाही. तिनं लेकीच्या मांडीत तोंड घातलं. आपण हिला इतके दिवस एकटं टाकलं होतं, एकाच खोलीत बसून, हे तिला त्या मांडीवर कळलं.

पहाटे ती केरबाच्या तळावर गेली. "बैलं जुप," ती म्हणाली. "येताना गूळ ऱ्हाऊ दे. माझ्या नातीला आन जावयाला घिऊन ये. लेक चाललीया म्हणून सांग. मागं सांगितलं ते खोटं हुतं."

जायचं-यायचं अंतर काही थोडं नव्हतं. निपाणीवरून गाडी जायची, बैलांना विसावा द्यावा लागायचा. इकडे सलमानं जीव धरून ठेवला. आता हाफिजा खोटं बोलत नव्हती. दोघी रशिदाबद्दल बोलायच्या, तिचे केस किती गुंततात, ती वेणी घालून घेताना किती आरडते, आणि हट्टानं आईचे केस घेऊन स्वतः वेण्या घालायला कशी शिकली. बोलता बोलता सलमा हसायचीसुद्धा. एका सकाळी, ऊन ओसरीवर येत असताना, आईच्या कलम्याच्या पाठोपाठ तिचे ओठ हलले आणि थांबले.

हाफिजानं चूल पेटवली. पाण्यात बोरीचा पाला टाकला. पेटी उघडून तळाचं कफन काढलं. ते आपल्या अंगाच्या मापानं आणलेलं होतं, सलमा तर उरली होती एवढीशी. शेजारच्या बायका मदतीला आल्या, पण लेकीला तिनं एकटीनंच धुतलं, ती जिती आहे असं समजून. केस बोटांनी सोडवले. एक वेणी घातली आणि छातीवर ठेवली. दुसऱ्या बाजूचे केस तसेच मोकळे ठेवून ती हात आवरून बसली.

"हाफिजाबी, माणसं खोळंबल्यात," दारातून एक बाई म्हणाली. "दुपार कलली की असरच्या नमाजाला न्यायचं हाय."

"थांबू द्या."

उन्हं कलल्यावर गल्लीच्या तोंडाशी घुंगरं वाजली. दिलदार गाडीतून उतरला, दारातली माणसं बघितली आणि जागीच बसला. "अम्मा, मागं बरी हाय म्हणून सांगावा धाडला हुतासा," एवढंच तो म्हणाला. त्याच्या आवाजात रागही नव्हता, आणि तेच हाफिजाला सोसलं नाही. बायका रशिदाला पोटाशी धरून शेजारच्या घरात न्यायला लागल्या. हाफिजानं तिला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि आत नेलं.

पोरगी दाराशीच थबकली. "नानी, आई निजलीया?"

"न्हाय, बाळा. आई मेली."

"मागं केरबाकाका म्हणलं हुतं, बरी हाय."

"ते मी खोटं सांगितलं हुतं. माझ्यामुळं तुला उशीर झाला." हाफिजानं तिला जवळ बसवलं. "तुझ्या आईची एक येणी ऱ्हायलीया. तू घालतीस?"

रशिदानं आईच्या कपाळाला हात लावला, लगेच काढला, पुन्हा लावला. मग तिनं इकडेतिकडे बघितलं. "फणी?"

"फणी न्हाय. बोटानं. ती जिती हाय आसं समजून, हळू."

लहान बोटांनी केसांचे तीन पदर केले. वेणी वाकडी होत होती, मध्येच सैल पडत होती. हाफिजानं ती सरळ केली नाही. शेवटाला येऊन पोरगी थांबली, आणि तिनं आपल्या वेणीचा लाल गोंडा सोडून नानीपुढे धरला.

"न्हाय, बाळा. तिकडं जाताना आसलं काय लावायचं नसतं."

"मग सुटंल की, नानी."

"सुटू दे," हाफिजा म्हणाली. तो गोंडा तिनं मुठीत घेतला आणि सगळ्या बायकांच्या देखत मोठ्यानं रडली.