चातुर्मासातलं मीठ

“मनमोहनराव, औषध तुम्ही निवडायचंय,” डॉक्टर विजयकर राजलक्ष्मीच्या नवऱ्याला म्हणाले. अहो, ज्या नवऱ्याला दोन महिने चहा हवा की नको एवढं सांगता येत नव्हतं, त्याला औषध निवडायला सांगतात! ती मध्ये बोलायला गेली, तर डॉक्टरांनी तिला हातानंच थोपवलं.

“विजेचे झटके दिले तर लवकर उठाल, पण विसरायला होईल. गोळ्या आहेत, त्यांनी झोप येईल, हात जड पडेल. आणि एक नवीन आहे. दगडातनं काढलेलं एक प्रकारचं मीठच म्हणा. परदेशी मासिकात वाचलंय. मनाचा चढ आणि उतार, दोन्ही आवरतं म्हणतात. जास्त झालं तर मात्र विष.”

“पण कशानं आवरतं?” राजलक्ष्मीनं विचारलं.

“मला ठाऊक नाही, वहिनी. कुणालाच नाही.”

मनमोहन म्युनिसिपालटीत ड्रेनेजचे नकाशे ट्रेस करायचा. अख्ख्या गिरगावाचं पोट त्याच्या बोटांना पाठ होतं. छप्पन साली तो आठवडाभर झोपलाच नाही. खांबावर चढून मुंबईसाठी घोषणा दिल्या, अंगातला कोट रस्त्यातल्या कुणाला देऊन टाकला. पण त्या वर्षी सगळी मुंबईच पेटलेली, त्यात आमचा मनमोहन कुणाला वेगळा दिसणार! लोकांनी उलट त्याला खांद्यावर घेतला. मग मनाला उतार लागला, अंथरूण सुटेना. पुढे तसे आणखी दोन आले. तिसऱ्या खेपेला, एकोणसाठच्या चैत्रात, त्यानं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. तेव्हा राजलक्ष्मी प्रभादेवीला जाऊन बोलून बसली होती, ‘हे उठू देत आई, चातुर्मासभर मी मीठ तोंडात घालणार नाही.’

डॉक्टर मनमोहनच्या उत्तरासाठी थांबले. त्यांना घाई नव्हती. शेवटी मनमोहनचे ओठ हलले.

“मिठाचं,” तो म्हणाला.

राजलक्ष्मी बघतच राहिली. दोन महिन्यांत त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

पुड्या सुरू झाल्या. तीन आठवडे काही म्हणता काही नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी ती बाहेरच्या खोलीत येते तो काय, स्वारी खिडकीत उभी!

“अगं, आज मासे आण, सरंग्याचं भुजणं कर,” मनमोहन म्हणाला.

तिनं हो म्हटलं. मग आत जाऊन एक पुडी उघडली आणि बोटाच्या टोकानं जिभेला लावून पाहिली. पांढरी, बेचव पूड. देवा रे, एवढ्याशा चिमटीत माणूस परत येतो? किमया देवीची की पुडीची, याची चौकशी तिनं केली नाही. तिनं दोन्हींना हात जोडले.

आषाढी एकादशीला तिनं मीठ सोडलं. मनमोहननं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ताट पुढं केलं. “मलाही तुझ्यातलंच वाढ. नवस माझ्यापायी, आणि सरंगा मी एकट्यानं चापू?”

तिनं मोठ्या कौतुकानं त्याला अळणी वाढलं.

बाराव्या दिवशी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. पेन्सिल धरवेना इतका हात थरथरू लागला, जीभ जड झाली, पाय वेडेवाकडे पडायला लागले. टॅक्सीत घालून तिनं त्याला दवाखान्यात नेलं.

“पुड्या जास्त गेल्या का?”

“मोजून दिल्यात मी.”

“जेवण?”

“अळणी जेवतो आम्ही दोघं. नवस आहे माझा.”

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. “अहो, पोटात साधं मीठ गेलं नाही, तर हे मीठ अंगात साचतं!” मग ते सावकाश खाली बसले. “चूक माझी आहे, वहिनी. हे मी वाचलं होतं. पण आपल्याकडे माणसं आपखुशीनं मीठ सोडतात, हे डोक्यातच आलं नाही.”

म्हणजे राजलक्ष्मीच्या बरणीतल्या मिठाची त्या मिठाशी ओळख होती!

पुड्या बंद केल्या, सलाईन लावलं. दहा दिवसांनी हात स्थिर झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, झटके की पुडी?

“पुडीच,” मनमोहन या वेळी लगेच म्हणाला. “पण हिचं अळणी सुटेपर्यंत मीही मीठ खाणार नाही. तीन वेळा हिनं एकटीनं सोसलंय.”

“मग पुडी मिळायची नाही.”

“नाही मिळाली तर नाही.”

डॉक्टरांनी हात टेकले. पुडी नाही म्हणजे पुन्हा ती भिंत, हे तिघांनाही कळत होतं.

“तुम्ही पुड्या द्या,” राजलक्ष्मी म्हणाली. “मी बघते.”

संध्याकाळी ती देव्हाऱ्यापुढे बसली. बोललेला नवस मोडायचा म्हणजे काय, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. “आई, शब्द मी मोडतेय. दोष यांचा नाही, डॉक्टरांचा नाही. काय घ्यायचं ते माझ्याकडून घे.”

मग तिनं दोन पानं वाढली. आधी स्वतःच्या पानात मीठ घातलं, मग त्याच्या. भात कालवून पहिला घास तिनंच घेतला. किती दिवसांनी जिभेला मीठ लागलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मनमोहन तिच्याकडे पाहत होता. बऱ्याच वेळानं त्यानं पान पुढं ओढलं आणि एक घास खाल्ला.

“जरा जास्त पडलंय गं,” तो हळूच म्हणाला.

“असू दे,” ती म्हणाली. “जेवा.”