आपली ओळख पटत नाही

"दादा, कुलूपवाले ना तुम्ही? मग उघडा की."

बाई दाराला टेकून उभी होती. सकाळी तिचा फोन बिघडला, तिने नवा घेतला, आणि नव्या फोनला तिचंच दार ओळख देईना. आत तिचे वडील एकटे. मघाशी काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग कण्हणं. आता तेही नाही.

कुलूपवाल्याने पुन्हा फोन पाहिला.

‘विनंती मिळाली आहे. परवानगी येईपर्यंत कुलपास हात लावू नये. आपण शांत राहावे.’

"काय म्हणते कंपनी?"

"शांत राहा म्हणते."

*

हे एकदम झालं नाही. कंपनीने आधी त्याला नकाशा दिला, फुकट. एका कोपऱ्यावर बसून किल्ल्या घासणाऱ्याला नकाशा कशाला? पण फुकट होता. मग गिऱ्हाइकं तिच्याकडूनच यायला लागली. मग पैसे तिच्याकडे, बायकोच्या गोळ्यांची वेळ तिच्याकडे, सासरी दूर गेलेल्या मुलीचे लहानपणापासूनचे फोटो तिच्याकडे. शेवटी घराला तिचंच कुलूप, फोनने उघडणारं.

‘आपल्यासारख्या विश्वासू कारागिरास भेट.’

त्याला जन्मात कुणी ‘आपण’ म्हटलं नव्हतं. संशय आला तो तिथेच.

"मी नुसतं अहो म्हणते," बायको म्हणाली होती. "सवत बघा, कशी आपण-आपण करते."

"एवढं गोड बोलतेय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला होता. आणि कुलूप बसवायला घेतलं होतं.

*

‘तपासणी चालू आहे.’

"परवानगीशिवाय उघडलंत तर?"

"काढून टाकतील मला."

"कामावरून?"

त्याने जरा विचार केला. "सगळीकडूनच."

बाई दाराला कान लावून "बाबा" म्हणाली, हळूच, जणू झोपमोड होईल.

फोन ऐकत असेल. बघतही असेल. त्याने तो जिन्याच्या पायरीवर पालथा घातला आणि वर रुमाल टाकला. पिंजऱ्यातल्या पोपटावर टाकतात तसा. त्याचं त्यालाच हसू आलं. मग पिशवीतून ड्रिल काढलं.

म्हातारे बाथरूमच्या दारात पडले होते. डोळे उघडे, ओठ सुकलेले. दोन घोट पाणी पोटात गेल्यावर त्यांची नजर दाराकडे गेली.

"कुणी फोडलं ते? केवढं महाग होतं."

"बाबा, गप्प बसा," म्हणत बाई रडायला लागली.

बाहेर रुमालाखाली काहीतरी उजळलं आणि विझलं. कुलपानेच चहाडी केली असणार.

*

स्वतःच्या दाराशी येऊन त्याने फोन कुलपाला लावला. लाल दिवा.

‘आपली ओळख पटत नाही.’

पुन्हा लावला.

‘दार उघडण्यास मदत हवी आहे? आपल्या जवळचा विश्वासू कारागीर –’

त्या जागी कालपर्यंत त्याचाच फोटो असायचा. आता कुणी तरुण होता. छान हसत होता.

त्याला खोकला आला. आत पावलं वाजली आणि बायकोने दार उघडलं.

"असे बाहेर काय उभे?"

"मी आहे हे कसं कळलं?"

"खोकलात की."

त्याने चपला काढल्या, बसला, सगळं सांगितलं.

"म्हातारे वाचले ना?"

"वाचले."

"मग झालं." तिने त्याच्या चपला कडेला सारल्या. "पोरीचे फोटो?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"लहानपणीचेसुद्धा?"

"सगळे."

ती आत गेली. बराच वेळ नळाचं पाणी वाहत राहिलं. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि घराचं कुलूप उतरवलं. आतल्या बाजूला जुनी कडी बसवली. मधोमध वाटीएवढं भोक राहिलं.

बायको पदराला हात पुसत आली, वाकली, भोकाला डोळा लावला.

"उद्या बुजवतो," तो म्हणाला.

"राहू दे. कोण आलंय ते दिसतं." ती तशीच वाकलेली होती. "तुम्ही बाहेर उभे राहा बघू."

तो बाहेर जाऊन उभा राहिला.