वीस मिनिटं उताणं

धार काढायला ती बसली आणि उठलीच नाही. "काकू, जरा हात द्या हो," अशी गोठ्यातून हाक आली तेव्हा मी भिंतीवरून वाकून बघितलं. शेजारीण माझी, चाळिशीच्या आतली, आणि गाईच्या पोटाशी वाकून अडकलेली. तिचा नवरा ओट्यावर दात घासत होता. त्याला आम्ही पैलवान म्हणतो. कुस्ती त्यानं जन्मात फक्त उशीशी केली.

"लचकली असेल," तो म्हणाला. "होईल सरळ."

दवाखान्यात मीच नेलं तिला. तिथली योग शिकवणारी बाई पोरसवदा, पण डोकं जागेवर. तिनं पाठ चाचपली आणि विचारलं, "झोप लागते का?" एवढ्यावरच ही ढसाढसा रडली. पाच गाई, दोन वेळच्या धारा, वर घरचं सगळं. रात्रभर डोक्यात बादल्या वाजतात म्हणाली. बाईनं पाठीचे चार हलके प्रकार दाखवले. मग वीस मिनिटं उताणं पडायचं, श्वास मोजायचा, कोणाशी बोलायचं नाही. सकाळ-संध्याकाळ.

"महिनाभर धारांना बसू नका," ती म्हणाली. "असंच रेटलंत तर कायमच्या अंथरुणाला खिळाल."

तसं कागदावरही लिहून दिलं. पैलवानानं तो दोनदा वाचला.

"हे मी करतो," म्हणाला. "तुला धारांमधून वेळ कुठाय? घरात एकानं केलं म्हणजे झालं."

मला वाटलं, चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी बघते तर हा चटईवर उताणा आणि ती गाईखाली! आठ दिवस हेच. वर गावभर सांगत फिरला, "योगानं फार हलकं वाटतं." वाटणारच! लाज उतरवून ठेवल्यावर माणूस हलका होतोच.

नवव्या दिवशी तिला रिकामी बादलीसुद्धा उचलवेना. मग मात्र माझं टाळकं सरकलं. गेले आणि त्याच्या अंगाखालची चटई खस्सकन ओढली.

"काकू! योगातून मधेच उठवायचं नसतं!"

"घोरत होतास मेल्या! पाठ कोणाची गेलीय? कागद कोणाच्या नावचा आहे?"

"मग धारा कोण काढणार?"

मी तिच्याकडे बघितलं. मला धाकधूक, ही आता 'राहू द्या काकू' म्हणते की काय. तिनं पायानंच बादली त्याच्याकडे सरकवली, माझ्या हातातली चटई घेतली आणि भिंतीला धरत हळूहळू आडवी झाली.

थोड्या वेळानं गोठ्यात धडपड झाली. बादली उपडी झाल्याचा आवाज आला.

"अगं ए! ही पान्हा चोरतेय! लाथ मारली मला! ऐकतेस का?"

ती ऐकत होती. तिच्या पायाचा अंगठा हलला. म्हटलं, उठली आता. पण डोळे मिटूनच ती पुटपुटली, "काकू, त्यांना सांगा, अजून चौदा मिनिटं मला बोलायचं नाहीये."

मी सांगितलं. चार घरांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.