वारा फिरेपर्यंत

मी लॉरीच्या मागल्या चाकाची ट्यूब. काळी, जाड, अंगभर ठिगळं. तामलवाडीच्या एका गोठ्यात, बैलांच्या जुन्या झुलीशेजारी खुंटीला लटकून मी तुमच्याशी बोलतेय. माणसं माझ्यावर बसली, मला कवटाळून रडली, मला हळदकुंकूही लावलं. पण माझं कुणी विचारलं नाही. आता विचारण्यासारखं फारसं उरलेलंही नाही, तेव्हा आपणहूनच सांगते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. झाडाच्या चिकापासून रबर होतं आणि रबरापासून आम्ही, एवढं ऐकून आहे. मला आठवतं ते मुनवरच्या लॉरीपासूनचं. टायरच्या पोटातल्या अंधारात मी फिरायची. रस्ता कधी पाहिला नाही, पण खडा न् खडा ओळखायची. ज्वारी, करडई, गुळाच्या भेल्या, सगळ्यांचं ओझं मी झेललं. येडशीच्या घाटात एकदा लांब खिळा आरपार गेला. मुनवरनं ठिगळावर ठिगळ लावलं, पण भरल्या लॉरीखाली ते टिकेना. ओझं पेलायची ताकद गेली होती. हवा धरायची तेवढी होती.

मुनवरनं मला आपल्या जिगरी दोस्ताला, आण्णासाहेबांना देऊन टाकलं. म्हणाला, "आण्णा, घ्या तुमच्या हिरीला."

आण्णासाहेबांची विहीर गावात मोठी, आणि त्यांचं पोहणं विहिरीपेक्षा मोठं. काठावरच्या आंब्यावरून सूर मारायचे, तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे. निम्म्या गावाला त्यांनीच पोहायला शिकवलं होतं. आधी वाळक्या भोपळ्यावर शिकवायचे, मग माझ्यावर. उन्हाळाभर मी त्या गार हिरव्या पाण्यात तरंगायची. अंधारातून उजेडात आलेली मी, मला तर तो स्वर्गच वाटला.

त्यांची बायको धुरपदाबाई. ती पायरीवर बसून धुणं धुवायची. घोट्याच्या वर पाणी तिनं कधी येऊ दिलं नाही.

"हिला पाण्याचं भ्या वाटतंय," आण्णासाहेब लोकांत हसून म्हणायचे.

"तुमी हाय की पवायला. घरात एकानं पवलं तरी बास," ती म्हणायची, आणि पिळे झटकायची.

पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला, आणि नोकरदारांच्या बदल्या कुठल्या कुठं व्हायला लागल्या. धुरपदाबाईचा भाऊ बलभीम बांधकाम खात्यात होता. त्याची बदली थेट कोकणात, रत्नागिरीकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावात झाली. तिथं त्याला मुलगा झाला. बारशाला बहिणीनं यायलाच पाहिजे, असा सांगावा आला. नेमकं मुनवरला त्या बाजूला भुईमुगाच्या शेंगा घेऊन जायचं होतं आणि येताना कौलं आणायची होती. नवरा-बायको त्याच्या लॉरीत बसले. मला आण्णासाहेबांनी टपावर बांधलं.

"कशापायी हे वझं?" धुरपदाबाईनं विचारलं.

"दर्यात पवून दावतो तुला. पाणी ते पाणी. हिरीतलं काय, अन् दर्यातलं काय!"

संक्रांत होऊन गेली होती. बारसं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बलभीम कामावर गेला, मुनवर कौलं भरायला गेला, आणि आण्णासाहेब मला खांद्यावर टाकून बायकोला घेऊन किनाऱ्यावर आले.

समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. लाटा कमरेएवढ्या होत्या. लांबून एक काळी रेघ यायची, वाळूपाशी उभी राहायची, क्षणभर काचेसारखी हिरवी दिसायची आणि धाडकन कोसळायची. वारा मागून, डोंगराकडून समुद्राकडं वाहत होता. धुरपदाबाईचा पदर सारखा समुद्राच्या दिशेनं उडत होता. तो वारा लाटांचा फेस उलटा, मागं उडवायचा. दिसायला फार देखणं होतं ते.

खडकाच्या बाजूला मात्र एक पट्टा असा होता की तिथं लाट फुटतच नव्हती. दोन्ही अंगांना फेस, आणि मधे शांत, गडद पाणी.

"हितं बघ," आण्णासाहेब म्हणाले. "निस्ती हीर हाय."

तिनं मान हलवली. "मी हितंच बरी."

"अगं, मी हाय न्हवं? तामलवाडीत जाऊन सांगशील तरी, दर्यात बसून आले म्हणून."

ती हसली आणि नऊवारीचा काचा घट्ट करून माझ्यावर बसली. आण्णासाहेबांनी मला त्या शांत पाण्यात ढकललं.

ते पाणी शांत नव्हतं. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं सगळं पाणी त्याच वाटेनं परत आत जात होतं. मोटेचं पाणी पाटातून धावतं तसं ते धावत होतं, फक्त आवाज न करता. त्यात वरून वारा. मी हवेनं भरलेली, वर बसलेलं माणूस शिडासारखं उभं. बघता बघता आम्ही लाटांच्या पलीकडं गेलो.

आण्णासाहेब सुरुवातीला हसत होते. मग त्यांनी मला धरून किनाऱ्याकडं ओढायला सुरुवात केली. विहिरीत चार हात मारले की काठ येतो. इथं हात मारून मारून काठ लांबच जात होता. नाकातोंडात खारं पाणी गेलं. त्यांचा श्वास धापांवर आला. मला धरलेली त्यांची बोटं माझ्या रबरात रुतली.

"अवो, दम घ्या जरा. धरून ऱ्हावा निस्तं," धुरपदाबाई म्हणाली.

त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. किनाऱ्याकडं पाहिलं. आणि माझ्या अंगावरची ती बोटं सुटली.

निसटली नाहीत. निसटलेला हात मला कळतो, ओला हात घसरत घसरत जातो. ही बोटं उघडली. आण्णासाहेब आडवे पोहत खडकापासून दूर गेले, फेसात शिरले आणि दिसेनासे झाले.

"अवो!" तिनं एकदाच हाक मारली.

मग ती आणि मी. वारा आम्हाला आत नेत होता आणि मी जात होते. मला ना हात, ना पाय, ना वल्हं. तिला वाचवायचं तर सोडाच, तिला दूर नेणारीही मीच होते. त्या वेळी मला माझ्या तरंगण्याची लाज वाटली. मी जरा कमी फुगलेली असते, तर वाऱ्याला इतकी सापडले नसते.

ती रडली. तुळजापूरच्या आईचं नाव घेतलं. मग रडणं थांबलं. ती माझ्यावर पालथी झाली आणि दोन्ही हातांनी मला मिठी मारून पडली. माझ्या पितळी नळीनं तिच्या दंडावर ओरखडा उठला, पण तिनं हात ढिला केला नाही. ती अशी चपटी पडल्यावर वाऱ्याचा जोर खरंच कमी लागायला लागला. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. भीतीनंच शिकवलं असेल.

ऊन चढलं. वारा हळूहळू थकला आणि पडला. पाणी तेलासारखं झालं. आम्ही नुसत्या वरखाली होत होतो. मग समुद्राकडून पाण्यावर बारीक सुरकुत्या येताना दिसल्या आणि गार झुळूक तिच्या तळपायांना लागली. वारा फिरला होता. मघाशी नेणारा गेला, आता आणणारा आला. मी जशी गेले होते, तशीच निमूट परत निघाले.

लाटा फुटत होत्या तिथं खरी परीक्षा झाली. पहिली लाट आमच्यावरून गेली. दुसरीनं मला उचलून उलटं केलं. धुरपदाबाई पाण्याखाली गेली, पण मिठी सुटली नाही. तिसरीनं आम्हाला वाळूवर नेऊन आपटलं.

किनाऱ्यावर माणसं जमली होती. मासेमारीच्या होड्या पहाटेच गेलेल्या होत्या. एक मागं राहिली होती, तीही डागडुजीला फळ्या काढून ठेवलेली. एका कोळणीनं धावत येऊन धुरपदाबाईला उठवलं, पाठ चोळली.

"बाय माझी, वाचलीस गो! सकाळचा वारा भायेर नेतो, दुपारचा आणतो. तुझा घोव तिथं डोकं धरून बसलाय. सांगत होता, लाट आली आणि ट्यूब हातातनं सुटली."

त्या मोडक्या होडीच्या आडोशाला आण्णासाहेब बसले होते. त्यांनी मान वर केली. धुरपदाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. सगळी माणसं तिच्या तोंडाकडं बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. "सुटले मी."

परतीच्या वाटेवर मुनवर एकटाच बोलत होता. गावात आल्यावर तर त्यानं कहाणीच रचली. आण्णा लाटांशी कसे झुंजले, हात कसा निसटला, कसे किनाऱ्यावर येऊन माणसांसाठी ओरडले. चावडीपुढं आण्णासाहेबांचा नारळ देऊन सत्कार झाला. मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तो हार मला साखळीसारखा वाटला.

त्या दिवसापासून आण्णासाहेब विहिरीत उतरले नाहीत. रानातच झोपायचे. जेवायला आले तर पाठमोरे बसून भाकरी खायचे. धुरपदाबाई पूर्वीसारखीच रांधायची. वाढायची, भांडी उचलायची. एकच गोष्ट बदलली होती. पूर्वी ती त्यांना सारखी काही ना काही सांगायची, हे आणा, ते धरा, जरा हात लावा. आता धान्याचं पोतंसुद्धा एकटीच ओढायची.

गोठ्यात आले की आण्णासाहेब माझ्याकडं बघायचे नाहीत. एकदा मला उतरवून मुनवरकडं घेऊन गेले. "परत घे ही."

"तोबा! वैनीचा जीव वाचवला हिनं," म्हणत मुनवरनं मला परत गोठ्यात आणून टांगलं.

चैत्रात विहिरीवर पोहणाऱ्यांची गर्दी झाली. पाहुणे आले होते. मुनवरनं आण्णासाहेबांना हाताला धरून आणलं आणि पाहुण्यांना कहाणी सांगायला लागला. मी काठावर पडले होते. "भरतीचं पाणी, ह्ये एवढाल्या लाटा, अन् आमचे आण्णा..."

"मुनवर, गप," आण्णासाहेब म्हणाले.

"का? खोटं हाय का?"

"खोटं हाय. ती सुटली न्हवती. म्या सोडली."

पाण्यात दंगा करणारेही थांबले. कुणीतरी खोकलं. आण्णासाहेबांनी मला उचललं आणि खाली मान घालून घरी आले.

धुरपदाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती.

"चार लोकांत सांगून आलो," ते म्हणाले. "म्या सोडली म्हणून."

सूप थांबलं. "मला इचारलं हुतं का?"

"न्हाय."

"तुमचं वझं उतरलं. माझं काय? उद्या पाण्याला गेले, की बाया तोंडाला पदर लावून बघतील. ती बघा, नवऱ्यानं दर्यात टाकलेली! मी तिथं सुटले म्हणाले, ते काय तुमची अब्रू राखायला? टाकलेली म्हणून मला गावाला यायचं न्हवतं, म्हणून म्हणाले."

आण्णासाहेबांनी मला हातातून खाली ठेवलं. मला वाटतं, त्यांना समुद्रातही एवढं खोल पाणी लागलं नसेल. शरमेतला तिचा निम्मा वाटा त्यांनी आजवर पाहिलाच नव्हता.

"मग काय करू मी?" त्यांनी विचारलं.

ती पुन्हा पाखडायला लागली. दाणे वर गेले, खाली आले. मग म्हणाली, "मला पवायला शिकवा. पुन्हा कुणाच्या हाताच्या भरवशावर पाण्यात जायचं न्हाय मला."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती विहिरीवर आली. घागरी घेऊन बाया जमल्या, कुणी खरंच पाण्याला, कुणी बघायला. कुजबुज झाली. तिनं काचा मारला आणि पायऱ्या उतरली. आण्णासाहेब पाण्याखालच्या पायरीवर हात पुढं करून उभे होते.

"हात लावू नगा," ती म्हणाली. "निस्तं सांगा."

ते वरच्या पायरीवर परत गेले. तिथून सांगत राहिले, पाय असे मार, मान वर धर, श्वास सोड. ती माझ्यावर छाती टेकून पाय मारत राहिली. गटांगळ्या खाल्ल्या, शिव्या दिल्या, पुन्हा आली. उन्हाळा सरता सरता एके दुपारी तिनं मला बाजूला लोटलं आणि विहिरीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत गेली. बायांपैकी दोघीतिघींनी आपल्या घागरी खाली ठेवल्या. पुढच्या वर्षी त्याही माझ्यावर शिकल्या.

आण्णासाहेब आता घरात झोपतात, आणि तोंड समोर करून जेवतात. त्यांना तिनं माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. आता पोतं उचलताना ती एखाद्या वेळी म्हणते, "जरा हात लावा." तेव्हा ते धावत येतात.

परवा बलभीमचा सांगावा आला, दुसऱ्या लेकराचं बारसं आहे. धुरपदाबाई जायला निघाली. आण्णासाहेब गोठ्याच्या दारात चुळबुळत उभे होते.

"मी येऊ का?"

"या की. पर काठावरच बसा."

"बसतो," ते म्हणाले.

मला या वेळी नेलं नाही. न्यावं अशी मी राहिलेही नाही. रबर चिकट झालंय, ठिगळं सुटलीत, हवा सकाळची संध्याकाळपर्यंत टिकत नाही. उद्या कुणी कापून माझ्या पट्ट्या करील, सायकलीच्या कॅरेजला बांधील. करू दे. फक्त मला पुन्हा हार घालू नका. मी कुणाला तारलं नाही, वारा जिकडं गेला तिकडं मी गेले.

एक तेवढं मागणं आहे. तिकडं कधी समुद्रावर गेलात, आणि लाटांत नऊवारीतली एखादी बाई हात मारताना दिसली, आणि वाळूवर तिच्या चपला मांडीवर घेऊन बसलेला एखादा पुरुष दिसला, तर त्याला हसू नका. 'तुम्ही नाही का उतरत?' असंही विचारू नका. नुसते पुढं जा.